आकडा खाली आला, म्हणून?

धरण रिकामं होऊन त्याच्याही खाली जाऊ शकतं, हे सोलापूरच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. उन्हाळ्यात इथल्या वर्तमानपत्रांत 'उजनी मायनसमध्ये' असे मथळे येतात आणि पाहुण्यांना हसू फुटतं. पाणी शून्याच्या खाली कसं जाईल? जातं. उजनीत एकूण ११७ टीएमसीच्या (म्हणजे अब्ज घनफुटांच्या) आसपास पाणी मावतं आणि त्यातला ६३ टीएमसीहून जास्त हिस्सा मृतसाठ्याचा आहे. शून्य टक्के म्हणजे उपयुक्त साठा संपला, एवढंच. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी वजा ६० टक्क्यांच्या जवळ गेली होती. तेव्हाही तळाला तीसेक टीएमसी पाणी होतं आणि चार-पाच दिवसांआड नळाला येणारं आमचं पाणी त्यातूनच येत होतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये धरण भरलं.

त्यामुळे कुठलाही टक्का ऐकला की शून्य कुठं धरलंय, हे आम्ही आधी विचारतो. निदान उजनीच्या बाबतीत तरी. जागतिक तापमानवाढीच्या सुधारित आकड्यांवरून जो वाद चालतो, त्यात मात्र हा प्रश्न फार थोडे विचारतात. तापमानवाढ दीड अंशाच्या आत ठेवायची, असं म्हणतात. दीड अंश कशापासून? १८५० ते १९०० या काळाच्या सरासरीपासून. कुठला? अख्ख्या पृथ्वीचा, समुद्रासकट. किती वर्षांचा? पॅरिस करारातली दीड अंशाची मर्यादा दीर्घ काळाच्या सरासरीची आहे. त्यामुळे २०२४ हे वर्ष त्या जुन्या सरासरीपेक्षा सुमारे १.५५ अंशांनी गरम गेलं, असं जागतिक हवामान संघटनेनं सांगितलं, तरी मर्यादा ओलांडली असा निकाल लगेच देता येत नाही. निकाल देणारे देतात, ते सोडा.

माझा एक मित्र अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना चालवतो. आयुष्य मागांच्या खडखडाटात गेलं, त्यामुळे कानात सांगायची गोष्टही तो चढ्या आवाजात सांगतो. पार्क चौकात चहा घेताना त्यानं आजूबाजूच्या चार टेबलांना ऐकू जाईल असं विचारलं, "का बे, तुझे शास्त्रज्ञ पलटले की! शतकाअखेर चार-पाच डिग्री वाढणार म्हणत होते, आता अडीच-तीन म्हणतात. उद्या म्हणतील काही होतच नाही. मग आपण कशाला घाबरायचं?"

मित्र अडाणी नाही. कापसाच्या पिकाचा अंदाज बघून सुताची खरेदी करणारा माणूस आहे आणि अंदाज बदलला की खिशाला भोक पडतं हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. त्याच्या प्रश्नात तथ्यही आहे. आकडा खरंच खाली आला आहे. फक्त कुठला आकडा खाली आला, हे बघायला हवं, कारण आकडे दोन आहेत आणि वादात ते सतत एकमेकांत मिसळले जातात.

पहिला आकडा भौतिकशास्त्राचा. हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पृथ्वी शेवटी किती तापेल? हा हिशोब पहिल्यांदा नीट मांडला स्वीडनच्या स्वान्ते अऱ्हेनियस यांनी, १८९६ मध्ये. कागद-पेन्सिल घेऊन, महिनोन्‌महिने बेरजा-गुणाकार करत. उत्तर आलं पाच ते सहा अंश. पुढं १९०८ च्या सुमारास त्यांनीच ते चारवर आणलं. म्हणजे या शास्त्रातला पहिला सुधारित अंदाज पहिल्या अंदाजकर्त्यानेच काढला, आणि तोही खालच्या दिशेने. १९३८ मध्ये गाय कॅलेंडर या इंग्रज अभियंत्यानं दोन अंश काढले. या दोघांनाही ही वाढ संकट वाटत नव्हती. थंड देशांची हवा जरा सुसह्य होईल, शेती सुधारेल, अशी त्यांची भावना. स्टॉकहोमच्या हिवाळ्यात बसून असं वाटणं मी समजू शकतो. हाच हिशोब कुणी मे महिन्यात होटगी रोडवर बसून केला असता, तर प्रस्तावनेचा सूर वेगळा लागला असता.

१९७९ मध्ये अमेरिकेत ज्यूल चार्नी यांच्या समितीनं एक पट्टा दिला, दीड ते साडेचार अंश. तो कसा आला हे मला फार आवडतं. समितीपुढं मुख्यतः दोन गटांची संगणकी प्रारूपं होती. स्युकुरो मानाबे यांच्या गटाचं उत्तर दोनच्या आसपास, जेम्स हॅन्सन यांच्या गटाचं चारच्या आसपास. समितीनं दोन्ही टोकांना अर्धा-अर्धा अंश सैल सोडला. झालं! इतकं साधं काम, पण पुढची चाळीस वर्षं तो पट्टा जवळपास तसाच टिकला. संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलावरच्या आंतरसरकारी समितीच्या, म्हणजे आयपीसीसीच्या, २००७ च्या अहवालात खालचं टोक दीडवरून दोनवर गेलं. २०१३ मध्ये ते परत दीडवर आलं. मधल्या वर्षांत तापमान अपेक्षेपेक्षा हळू वाढताना दिसत होतं आणि 'तापमानवाढ थांबली' असा गलका झाला होता. २०२१ च्या अहवालात पट्टा दोन्ही बाजूंनी आवळला गेला. आता तो अडीच ते चार अंश आहे आणि सर्वांत संभाव्य उत्तर तीन. मानाबे यांना त्याच वर्षी नोबेल मिळालं.

सव्वाशे वर्षांत एवढ्या दुरुस्त्या झाल्या. बारकाईनं पाहिलं तर त्यात पलटी कुठंच नाही. खालचं टोक थोडं वर, वरचं टोक थोडं खाली, इतकंच.

मित्र ज्या आकड्यावर बोट ठेवत होता तो दुसरा. माणसं पुढच्या ऐंशी वर्षांत किती कोळसा, तेल, गॅस जाळतील? हा प्रश्न भौतिकशास्त्राचा नव्हेच. तो कारखान्यांचा, सरकारांचा, भावांचा आहे. याचं एकच उत्तर देता येत नाही म्हणून वेगवेगळी कल्पित चित्रं आखली जातात. त्यातलं सगळ्यात भडक चित्र 'आरसीपी ८.५' या नावानं ओळखलं जातं. त्यात कोळशाचा वापर शतकभर वाढतच जातो, शतकाअखेर आजच्या कितीतरी पट होतो आणि तापमान चार-पाच अंशांनी वर जातं. हे वाईटात वाईट काय होऊ शकतं, ते तपासण्यासाठी होतं. पण शोधनिबंधांत, बातम्यांत आणि भाषणांत ते 'असंच चालू राहिलं तर' या नावानं फिरत राहिलं. २०२० मध्ये झीक हाउसफादर आणि ग्लेन पीटर्स या दोघांनी 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात लिहिलं की हे चित्र सर्वांत संभाव्य म्हणून दाखवणं आता बंद करा. हे दोघे तापमानवाढ नाकारणारे नाहीत, याच विषयात काम करणारे आहेत. सौर आणि पवनऊर्जा अपेक्षेपेक्षा झपाट्यानं स्वस्त झाली, कोळशाची वाढ त्या चित्राइतकी झाली नाही. सध्याची धोरणं तशीच राहिली तर शतकाअखेर पावणेतीन-तीन अंशांच्या आसपास, असं अलीकडचे हिशोब सांगतात.

म्हणजे पृथ्वी कमी तापट निघाली असं झालेलं नाही. आपण जाळणार होतो त्यापेक्षा कमी जाळू, असं आता दिसतंय. या दोन वाक्यांत फार अंतर आहे आणि सगळा गोंधळ त्या अंतरातच होतो. पहिलं वाक्य खरं असतं तर निवांत झोपता आलं असतं. दुसरं वाक्य कुणीतरी काहीतरी केल्यामुळे खरं ठरतंय आणि करणं थांबलं की ते खोटं ठरेल.

शास्त्रज्ञांची बाजू घेताना त्यांची खरी चूक झाकायची मला हौस नाही. २००७ च्या आयपीसीसी अहवालात एक वाक्य होतं, हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होण्याची दाट शक्यता आहे. त्याला तपासलेल्या शोधनिबंधाचा आधार नव्हता. इकडच्या-तिकडच्या अहवालांतून ते आत शिरलं आणि तपासणाऱ्यांच्या नजरेतून सुटलं. २००९ च्या शेवटी आपल्या पर्यावरण मंत्रालयानं एका ज्येष्ठ भूवैज्ञानिकाचा अहवाल प्रसिद्ध केला, त्यात हिमनद्यांबद्दलच्या अशा घाबरवणाऱ्या दाव्यांना आधार नाही असं म्हटलं होतं. तेव्हा आयपीसीसीचे अध्यक्ष राजेंद्र पचौरी यांनी त्याची संभावना जादूटोण्याचं शास्त्र अशा शब्दांत केली. दोन-अडीच महिन्यांत, जानेवारी २०१० मध्ये, संस्थेला चूक कबूल करावी लागली. हजारभर पानांत एक वाक्य चुकणं मला क्षम्य वाटतं. शंका घेणाऱ्याला हिणवणं नाही. या क्षेत्रावरचा लोकांचा विश्वास त्या वाक्यापेक्षा त्या शेऱ्यानं जास्त गमावला, असं माझं ठाम मत आहे.

याच्या उलट एक उदाहरण. समुद्र आधी वाटलं त्यापेक्षा बराच जास्त तापतोय, असा एक निबंध २०१८ मध्ये 'नेचर'मध्ये आला आणि जगभर गाजला. निक लुईस नावाच्या एका गणिती माणसानं, जो हवामानशास्त्राच्या प्रस्थापित अंदाजांचा नेहमीचा टीकाकार आहे, त्यातली चूक दाखवली. अनिश्चितता कमी धरली गेली होती. लेखकांपैकी राल्फ कीलिंग यांनी चूक तत्काळ मान्य केली, लुईस यांचे आभार मानले आणि २०१९ मध्ये निबंध मागं घेतला गेला. उपग्रहांच्या नोंदींची गोष्टही अशीच आहे, फक्त दिशा उलटी. नव्वदच्या दशकात 'उपग्रहांना तापमानवाढ दिसतच नाही' हा तापमानवाढ नाकारणाऱ्यांचा हुकमी एक्का होता. मग उपग्रहांची कक्षा घसरते आणि त्यांची मोजण्याची वेळ सरकत जाते, हे लक्षात आलं. दुरुस्त्या झाल्या, २००५ पर्यंत तो एक्का गेला. दुरुस्त्या दोन्ही दिशांना होतात. आपण मात्र आपल्या सोयीची दिशा तेवढी लक्षात ठेवतो.

यावर मित्राचं म्हणणं असं, की ज्याला उद्याचं सांगता येत नाही त्यानं शंभर वर्षांनंतरचं सांगू नये. हे वाक्य सोलापुरात फार चालतं आणि त्याला कारणही आहे. सह्याद्रीनं अडवून उरलेला पाऊस आमच्या वाट्याला येतो, वर्षाला साडेपाचशे मिलीमीटरच्या आसपास, आणि त्यातला बराचसा परतीचा. हस्त बरसला तर मंगळवेढ्याची ज्वारी, नाही तर टँकर. अशा मुलखात हवामान खात्याचे अंदाज लोक कर्जाच्या हप्त्यासारखे लक्षात ठेवतात. २००२ मध्ये सरासरीच्या १०१ टक्के पाऊस सांगितला, पडला ८१ टक्के. २००९ मध्ये एप्रिलमध्ये ९६ टक्के सांगितले, जूनमध्ये ९३, ऑगस्टमध्ये ८७. प्रत्यक्षात पडला ७८ टक्के. १९७२ नंतरचा तो देशातला सगळ्यात वाईट पावसाळा.

पण २००२ नंतर काय झालं, ते कुणी सांगत नाही. खात्यानं पुढच्याच वर्षी जुनं १६ घटकांचं प्रारूप बाजूला ठेवलं आणि नवीन पद्धत आणली. त्यानंतरही २००९ झालंच. तरीही चुकलेला आकडा स्वतःच्या वहीत लिहून ठेवणारी, तो जाहीर छापणारी आणि त्यावरून पद्धत बदलणारी अंदाज सांगणारी मंडळी आपल्याकडे किती आहेत?

आपल्याकडे भाकणूकही आहे. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेत होम मैदानावर होमप्रदीपन झालं की रात्री वासराला आणतात. दिवसभर उपाशी ठेवलेलं. त्याच्यापुढं धान्य, गूळ, खोबरं, गाजर, बोरं, पान-सुपारी मांडतात. ते कशाला तोंड लावतं, बिथरतं का, मलमूत्र विसर्जन करतं का, यावरून वर्षाचा पाऊस, महागाई, संकटं सांगितली जातात. दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येतं आणि गड्ड्याच्या जत्रेत भजी खाताना त्याची चर्चा होते. मला ती रात्र आवडते. नंदीध्वज, शोभेचं दारूकाम, गर्दी, सगळं आवडतं. पण ऑक्टोबरात कुणी भाकणुकीची वही काढून बसलेलं मी पाहिलेलं नाही. काढूही नये, तो सणाचा भाग आहे. माझी तक्रार भाकणुकीबद्दल नाहीच. शास्त्राकडूनही आपल्याला तसंच काहीतरी हवं असतं, ही आहे. एकदाच, जानेवारीत, ठामपणे सांगा आणि परत तोंड उघडू नका. मग एप्रिलचा आकडा जूनमध्ये बदलणारा माणूस खोटारडा ठरतो.

आकड्याच्या अटी गळून पडतात, हे तर आम्ही अगदी घरात पाहिलं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं, आयआयटीएमनं, २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात कृत्रिम पावसासाठी ढगांत बीजारोपण करण्याचा मोठा प्रयोग सोलापूर परिसरात केला. पावणेतीनशेच्या आसपास ढग निवडले. काहींत बीजारोपण केलं, काही तुलनेसाठी तसेच सोडले. २०२३ मध्ये निष्कर्ष छापले: बीजारोपण केलेल्या ढगांच्या परिसरात पाऊस सुमारे १८ टक्क्यांनी जास्त पडला. योग्य ढग, योग्य वेळ, ठरावीक परिसर, अशा अटींसह. आमच्या चहाच्या टेबलापर्यंत येईतो त्याचं 'विमानानं सोलापुरात १८ टक्के जादा पाऊस पाडता येतो' झालं होतं. एकानं तर उजनीचा हिशोबही मांडला. ढगच नसेल तर विमान काय करणार, हा प्रश्न कुणाला पडला नाही.

याच संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तयार केलेला आणि केंद्राच्या पृथ्वीविज्ञान मंत्रालयानं २०२० मध्ये काढलेला एक अहवाल सोलापूरकरांनी तरी वाचावा. १९०१ ते २०१८ या काळात भारताचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशानं वाढलं, असं तो सांगतो. जगाच्या सरासरीपेक्षा कमी! हा आकडा हाती लागला की मित्रासारखी माणसं खूश होतात. पण कारण वाचल्यावर खुशी टिकत नाही. आपल्या हवेतली धूळ, काजळी, धुराचे कण सूर्याचा काही भाग अडवतात. हवा स्वच्छ करत गेलो, आणि ती केलीच पाहिजे, तर झाकलेली गरमी वर येणार. त्याच अहवालात शतकाअखेरीसाठी ४.४ अंशांचा आकडाही आहे, आणि तो त्याच आरसीपी ८.५ च्या चित्रातला आहे. मथळ्यात ४.४ येतो, अट आतल्या परिच्छेदात राहते. मग काही वर्षांनी तो आकडा सुधारला की लोक म्हणतात, पलटले.

शिवाय सरासरीत आमचं जगणं कुठं दिसतं? शतकाअखेर जग तीन अंशांनी तापलं काय आणि चारनं काय, इथं एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ ला आजच जातो. मागाला कोरडी हवा चालत नाही, सूत तुटतं. प्रत्येक तुटलेला धागा म्हणजे थांबलेला माग, आणि कामगाराची मजुरी कापडावर. घरी विड्या वळणाऱ्या बायांचं तर अजूनच अवघड. पंखा लावला तर तंबाखू उडते आणि भिजवून मऊ केलेलं पान वाळून तडकतं. म्हणून पत्र्याखाली, पंखा बंद करून, हजार विड्या पूर्ण होईपर्यंत बसायचं. त्यांना कुठलाही सुधारित अंदाज लागू होत नाही. पावसाचंही तसंच. मध्य भारतात मोठ्या प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ दरम्यान तिपटीनं वाढल्या, असं आयआयटीएमच्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं. ऑक्टोबर २०२० मध्ये बंगालच्या उपसागरातलं तीव्र कमी दाबाचं क्षेत्र आडवं चालत पंढरपुरापर्यंत आलं, सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीनं माढा-मोहोळची गावंच्या गावं पाण्यात घातली. दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यात!

हे सगळं मी मित्राला सांगितलं. तो ऐकून घेतो, हा त्याचा मोठा गुण. मग त्यानं फताटेवाडीच्या दिशेनं हात केला. "आणि ते बे?" तिथं एनटीपीसीचं १३२० मेगावॉटचं कोळशावरचं वीज केंद्र आहे आणि त्याला पाणी उजनीचं लागतं. माझे माग त्याच विजेवर चालतात, तुझा पंखाही, तो म्हणाला. मला त्यावर उत्तर नव्हतं. मुद्दा त्याचाच बरोबर होता. दुसरा आकडा, किती जाळणार याचा, ठरतो तो अशाच जागी, आणि तो ठरवणाऱ्यांत आम्ही दोघंही आहोत.

त्याला मुळात हे सगळं हवं होतं ते वेगळ्याच कारणासाठी. कारखान्याचं छप्पर बदलायचं होतं, बँकेकडून कर्ज घ्यायचं होतं आणि 'गरमी आता कमी वाढणार' हे खरं असेल तर खर्च पुढं ढकलायचा होता. सरळ हिशोब. तेव्हा मी आयपीसीसीच्या २०२१ च्या अहवालातला तक्ता काढून दाखवला. २०२१ ते २०४० या वीस वर्षांसाठी त्यातल्या पाचही कल्पित चित्रांतला आकडा जवळजवळ एकच आहे, १.५ ते १.६ अंश. सगळ्यात भल्या चित्रात तेवढाच, सगळ्यात भडक चित्रातही तेवढाच. फाटे फुटतात ते त्यानंतर. चार की अडीच हा वाद शतकाच्या शेवटाचा आहे. त्याचं कर्ज त्याच्या कितीतरी आधी फिटणार.

"मग आपण कशावर भांडत होतो बे?" तो म्हणाला आणि चहाचे पैसे देऊन मोकळा झाला. छप्पर तो या उन्हाळ्याआधी करतोय. पत्र्यावर पांढरा रंग मारायचा की दुपदरी पत्रा घालायचा, यावर आमचं अजून जमलेलं नाही. रंग स्वस्त पडतो, पण गिरणीकडची धूळ दोन महिन्यांत तो काळा करते, असं त्याचं म्हणणं आहे.